अक्का, नांदेडची गोष्ट मी भाऊजींना सांगितली

प्रिय अक्का,

सलाम.

तू मला गप्प राहायला सांगितलं होतंस. तू गेल्यावरही सव्वा वर्ष मी गप्प राहिले. गेल्या गुरुवारी मात्र राहवलं नाही. भाऊजींना, तुझ्या यजमानांना, सगळं सांगून टाकलं. तुझा शब्द मोडला. हे तुला कळायला हवं, आणि माझ्याच तोंडून कळायला हवं, म्हणून लिहायला बसले आहे.

बघ, तुला 'तू' लिहिलं! बावीस वर्षं 'अहो अक्का, अहो अक्का' करत आले. मोठी जाऊ, तिला अरेतुरे कसं करायचं? तू कितीदा म्हणालीस, "अगं, तू म्हण की. मी काय तुझी सासू हाय का?" तेव्हा जीभ वळली नाही. आता लिहिताना वळतेय. चालेल ना?

हिमायतनगरहून लग्न होऊन मी शिरूर अनंतपाळला आले, तेव्हा पहिला आठवडा नुसती रडत होते. घरात कुणाला कळू नये म्हणून न्हाणीत जाऊन रडायचे. तुला बरोबर कळलं. "चल, मीठ आणायला जाऊ," म्हणालीस आणि बसस्टँडजवळच्या एसटीडी फोनच्या बूथवर नेऊन मला माझ्या आईशी बोलायला लावलंस. येताना मीठ घ्यायचंच राहिलं! सासूबाईंनी विचारलं, तर तू म्हणालीस, "मीच इसरले." दुसऱ्याची चूक आपल्या अंगावर घ्यायची सवय तुला तेव्हापासूनचीच.

तू आरोग्यखात्याची आशा कार्यकर्ती, म्हणून गावात तुला सगळे आशाताई म्हणायचे. तुझं नाव सालोमी आहे हे निम्म्या गावाला ठाऊक नव्हतं. कुणाच्या सुनेला नववा लागला, कुणाच्या बाळाचा डोस राहिला, सगळं तुझ्या तोंडपाठ. माझी दोन्ही बाळंतपणं तुझ्याच हातावर पार पडली. मी ओरडत होते, "अक्का, मी मरते!" आणि तू शांतपणे म्हणत होतीस, "मर नंतर. आधी जोर लाव." तुला स्वतःला मूल नाही, याचा विचार त्या वेळी माझ्या मनाला शिवलाही नाही. नंतर तरी कुठे शिवला?

मग तुझे पाय सुजायला लागले. तू म्हणालीस, चालून चालून सुजलेत. आम्ही मानलं. लातूरच्या डॉक्टरांनी रिपोर्ट हातात दिला, तेव्हा तो समजावून सांगायची गरज तुला नव्हती. तू वाचलास, घडी घातलीस आणि भाऊजींना म्हणालीस, "दोन्ही किडन्या गेल्यात. डायलिसिसच्या मशीनवर जावं लागंल." जशी काही तू दुसऱ्याच कुणाचा रिपोर्ट वाचत होतीस! भाऊजींना शुगर, त्यांची किडनी चालेना. मी तपासून घेतलं, तर माझा रक्तगट वेगळा निघाला. मग मंगळवार आणि शुक्रवार, एसटीनं लातूर. चार तास मशीनला जोडलेली तू आणि बाहेर बाकड्यावर डबा घेऊन बसलेले भाऊजी.

आणि मी? मी प्रार्थना करत होते. चर्चमधली बुधवारची बायकांची प्रार्थना माझ्याकडे होती. मंडळीत सगळे म्हणायचे, करुणाबाईंची प्रार्थना मोठी, आभाळ हलवते. मलाही तसं वाटायला लागलं होतं, अक्का. तुझ्यासाठी मी उपास धरले. एका बुधवारी सगळ्यांसमोर उभी राहून बोलून गेले, "अक्का उठणार! तिची मशीन सुटणार! प्रभूनं मला दाखवलंय!" बायका रडल्या. आमेन आमेन झालं.

आज तुला खरं सांगू? मला काहीच दिसलं नव्हतं. मला फक्त ते फार हवं होतं. हवं असण्याचा आवाज इतका मोठा होता, की मला तो देवाचाच वाटला.

पुढच्या रविवारी उपासनेत साक्ष द्यायची, प्रभूनं आपल्यासाठी काय केलं ते सांगायची वेळ आली आणि मी तुला हाताला धरून उभं केलं. आठवतं? आदल्या दोन दिवसांत तुझी सूज जरा उतरली होती. मला वाटलं, झालीच सुरुवात. तू उभी राहिलीस. पदर नीट केलास. म्हणालीस, "मला अजून बरं न्हाई. रात्री दम लागतो. पर प्रभू माझ्यासंगं हाय, एवढं मातर खरं." आणि खाली बसलीस.

किती राग आला मला तुझा! घरी आल्यावर चुलीपुढे मी तुला काय म्हणाले, ते आज लिहून टाकते. मी म्हणाले, "अक्का, तुमचाच विश्वास कमी पडतो. मी इकडं मागते आणि तुम्ही तिकडं पाडून टाकता." तू पीठ मळत होतीस. हात थांबले नाहीत. एवढंच म्हणालीस, "आसंल गं."

तू तेव्हा मला एक चपराक का नाही मारलीस? मारायला हवी होतीस. पुढचं टळलं असतं.

पुढचं म्हणजे नांदेड. मैदानावर चंगाईची, प्रार्थनेनं आजार बरे व्हावेत म्हणून भरते तशी मोठी सभा होती, प्रवचनाला बाहेरून कुणी प्रभूचे सेवक येणार होते. आपल्या मंडळीतून क्रूझर गाडी ठरली. दिवस मंगळवारचा, तुझ्या मशीनचा. तू म्हणालीस, "माझी मशीनची पाळी हाय. तुमी जाऊन या." मी सोडलं नाही. "एक दिवस पुढं ढकला. बुधवारी जाऊ लातूरला. काय होतंय एका दिवसानं? कदाचित बुधवारी जायची गरजच पडणार नाही!" तू आशाताई, पाळी चुकवली तर काय होतं हे तुझ्याइतकं गावात कुणाला कळत होतं? तरी तू पिशवी उचललीस. का आलीस, अक्का? बरं व्हायचं म्हणून? की माझं मन मोडू नये म्हणून? हे विचारायचं राहूनच गेलं.

त्या दिवशी ऊन कसलं होतं! मांडवात माणूस माणसाला चिकटलेलं. तुला पाणी मोजून प्यायचं होतं, पण घसा कोरडा पडला म्हणून मी स्वतः तुला बाटली दिली, "प्या हो, प्रभूच्या दारात बसलोय." स्टेजवरचे सेवक मात्र स्पष्ट सांगत होते, औषधं बंद करू नका, डॉक्टर सोडू नका. मी ऐकलं आणि ऐकलं नाही. म्हणून दोष द्यायला मला दुसरं कुणी नाही.

परत येताना अहमदपूरच्या पुढे तुला दम लागला. आधी तू खिडकीकडे तोंड केलंस. मग माझा हात घट्ट धरलास. तोंडाला फेस यायला लागला, तेव्हा गाडीतल्या बायका गाणं थांबवून किंचाळल्या. ड्रायव्हरनं चाकूरहून गाडी घराकडे वळवलीच नाही, सरळ लातूरला घातली. ते पाऊण तास मी प्रार्थना केली नाही. नुसतं "अक्का, अक्का" म्हणत होते.

दवाखान्यात डॉक्टर चिडले. "पाळी कुणी चुकवली? कुणाच्या सांगण्यावरून?" भाऊजी घरून धावत आले होते, तेही तिथंच उभे. मी तोंड उघडणार, तेवढ्यात नळ्या लावलेल्या अवस्थेत तू मान हलवलीस. "मीच, सायेब. मलाच जायचं होतं सभेला. म्या कुणाचं ऐकलं न्हाई." आणि माझ्याकडे असं बघितलंस, की माझं तोंड मिटलंच.

ते पुढे तू होतीस ते आठ महिने आणि तू गेल्यावर सव्वा वर्ष मिटलेलंच राहिलं.

त्या आठ महिन्यांबद्दल मी देवाचे आभार मानते. हो, आता मानू शकते. त्या दिवसानंतर मंगळवारी भाऊजी आणि शुक्रवारी मी, अशी तुझ्यासोबत यायची वाटणी झाली. एका शुक्रवारी मशीनचा नंबर लागायला उशीर होता. आपण बाहेर बाकड्यावर बसलो होतो. मी पायाशी बघत म्हणाले, "अक्का, मी अजून मागून राहिले. सोडलं न्हाई." तू हसलीस.

"करुणा, तो 'न्हाई' म्हणून राहिला. तू ऐकून घे ना."

"असं कसं म्हणता? तो न्हाई का म्हणंल?"

"का ते मला काय ठाऊक? मला पहिल्यांदा म्हणला का? लेकरासाठी म्या आठ वर्षं मागितलं. कुठली सभा सोडली न्हाई, कुठला उपास सोडला न्हाई. तू येऊन तुझी दोन झाली, तरी मागतच होते."

मला धक्काच बसला. एका घरात, एका चुलीवर राहून मला हे ठाऊक नव्हतं! माझ्या बाळंतपणात तू जोर लाव म्हणत होतीस, तेव्हाही तू मागत होतीस? मी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "म्हणूनच देवानं तुम्हाला गावभरची लेकरं दिली, अक्का."

तू तेवढं ऐकून एकदम कडक झालीस. तुला इतकं कडक मी कधी पाहिलं नव्हतं. "तसं म्हणू नको. सगळे तेच म्हणतात. ती लेकरं त्यांच्या आयांची. मला न्हाई मिळालं ते न्हाईच मिळालं. त्याला गोड करू नको."

तरी मी विचारलं, "मग तुम्ही विश्वास कसा ठेवला?"

तू पदराच्या टोकाशी खेळत होतीस. "लई भांडले त्याच्याशी. रोज. उखळात कांडताना, लसीचा डबा नेताना. एक दिवस वाटलं, आपण येवढं भांडून राहिलो ते कुणाशी? भिंत काय न्हाई म्हणत न्हाई, करुणा. न्हाई म्हणायला बी समोर कुणीतरी असावं लागतं. आन् खुद्द त्याच्या लेकानं मरणाच्या आदल्या रात्री बागेत रडून मागितलं, हे टळू दे म्हणून, तर त्याला बी तो न्हाईच म्हणला की. मग मी कोण?"

आत नाव पुकारलं. उठताना म्हणालीस, "एक कर. बरी कर, बरी कर, असं नको मागू आता. मला लाज वाटती. तू येवढ्या जोरानं मागती आन् मी बरी व्हत न्हाई. आजचा दिवस माग. आन् बस माझ्यापशी."

लाज वाटती! अक्का, तुझ्या आजारानं तुला जेवढं दमवलं, त्याहून जास्त माझ्या प्रार्थनेनं दमवलं होतं. तू रोज माझ्यासमोर नापास होत होतीस आणि मला ते दिसतही नव्हतं. त्या बाकड्यावर मी तुझी माफी मागितली. विश्वासावरून बोलले त्याची आणि नांदेडची. तू म्हणालीस, "झालं ते झालं. पर ह्यांना सांगू नको. त्यांचा जीव तुमच्या सगळ्यात हाय. घर फुटंल."

त्यानंतर आपण शुक्रवारी फक्त दिवस मागायचो. कधी नर्सनं सुई एका झटक्यात लावावी एवढंच. कधी परतीच्या एसटीत खिडकीची जागा. ती मिळाली की तू माझ्याकडे बघून भुवया उडवायचीस. आणि नाही मिळाली, तर "आज न्हाई म्हणला," असं म्हणून दांडी धरून उभी राहायचीस, दोन स्टॉपांपर्यंत, मग कुणीतरी उठायचंच.

तू मंगळवारी गेलीस. सकाळी, निघायच्या आधी. मी तुझी वेणी घालत होते. भाऊजी दारात चप्पल घालून उभे होते. तू म्हणालीस, "जरा थांब," आणि मान माझ्या हातावर टाकलीस. मला वाटलं, दमलीस. मी थांबले. किती वेळ थांबले, कळलं नाही. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. नांदेडच्या त्या दिवसानं ते किती खचलं होतं, हे कुणी सांगत नाही. मी विचारलं होतं. डॉक्टर म्हणाले, असं नेमकं सांगता येत नाही, बाई. ते न कळणं मला माझ्यासोबतच ठेवावं लागणार आहे.

तुझ्या मातीनंतर मी प्रार्थना सोडली. मंडळीत जात होते, गाताना ओठ मिटलेले. बुधवारची सभा पाळकसाहेबांच्या बायकोकडे दिली. सगळ्यांना वाटलं, दुःख आहे, भरून निघेल. मला मात्र देवाचं नाव घ्यायची भीती वाटायची. ज्या तोंडानं मी त्याच्या नावावर खोटं बोलले, त्याच तोंडानं?

मग एका सकाळी भाकरी करपली. मी तव्यावर उलथनं आपटलं आणि ओरडले, "दिलं असतं तर काय बिघडलं असतं तुझं?" घरात कुणी नव्हतं. माझंच मला ऐकू आलं आणि मी तिथंच बसून पोटभर रडले. कित्येक महिन्यांनंतर मी त्याच्याशी बोलले होते, अक्का! चांगलं नाही बोलले. पण बोलले.

आता गुरुवारचं सांगते. आपल्या मंडळीतली रूथ, शाळेत खिचडी शिजवते ती, तिला स्तनात गाठ निघालीय. लातूरला ऑपरेशनची तारीख मिळालीय. पण बायकांनी ठरवलं, आधी नांदेडच्या यंदाच्या सभेला न्यायचं, मग बघू ऑपरेशनचं. मला विचारायला चौघी अंगणात आल्या. मी काही बोलायच्या आत भाऊजी आतून म्हणाले, "करुणाला न्या. तिची प्रार्थना मोठी. सालोमीसाठी तिनं जीव टाकला व्हता."

बायकांना मी एवढंच म्हणाले, "तारीख चुकवायची नाही. रूथ आधी लातूरला जाईल. मी येते तिच्यासंगं." त्या गेल्या. मग भाऊजींसमोर बसले आणि सगळं सांगितलं. चुलीपुढचं बोलणं, मंगळवार, पाण्याची बाटली, तुझं डॉक्टरांपुढे मान हलवणं. तू गप्प राहायला सांगितलंस, तेही.

ते तुरीच्या शेंगा सोलत होते. सोलत राहिले. मग परात बाजूला ठेवून उठले आणि बाहेर गेले. तीन दिवस माझ्या हातचं जेवले नाहीत. प्रकाश, तुझा दीर आणि माझा नवरा, चिडला माझ्यावर, "मेलेलं माणूस परत येणार हाय का? कशाला सांगितलंस?" काय सांगू त्याला? तुझ्या पांघरुणाखाली मला श्वास घेता येत नव्हता, हे कसं सांगू? तू मला वाचवलंस खरं. पण अक्का, रागावू नको, तू थोडं जास्तच वाचवलंस. भाऊजींना त्यांच्या रागाचा हक्क होता. तो तू आणि मी मिळून काढून घेतला होता.

रविवारी उपासनेनंतर ते अंगणात आले. मी भांडी घासत होते. उभ्याउभ्याच म्हणाले, "त्या दिशी सकाळी तिनं मला इचारलं व्हतं, जाऊ का म्हणून. म्या म्हणलो, जा. मला बी वाटलं, झालं बरं तर झालं."

मी हात धुतले.

"तिनं तुला माफ केलं व्हतं?"

"हाव, भाऊजी."

ते लिंबाकडे बघत म्हणाले, "मला लागंल अजून वेळ." आणि आत गेले. संध्याकाळी ताट वाढलं, तर येऊन बसले. अर्धी भाकरी खाल्ली.

माझ्या मागण्याला एवढंच उत्तर सध्या मिळालंय आणि मी ते घेतलंय. नाही म्हणणारा देव मला अजूनही कळत नाही, अक्का. तुझ्या 'नाही'चं कारण मला मिळालेलं नाही, मी शोधतही नाही. पण तुझ्या त्या शुक्रवारांत तो आपल्यासोबत बाकड्यावर होता, हे मी आता शपथेवर सांगेन. तुला बरं न करता होता. कसं, ते विचारू नको.

उद्या सकाळच्या गाडीनं रूथला घेऊन लातूरला निघतेय. ती घाबरली आहे. मघाशी येऊन विचारून गेली, "करुणाबाई, मी बरी होईन का? तुम्हाला काय वाटतं? तुम्हाला प्रभूनं काही सांगितलं का?" पूर्वीची मी असते, तर काय बोलले असते, तुला ठाऊकच आहे. मी म्हणाले, "न्हाई गं. मला काही सांगितलं न्हाई. पण मी मागणार हाय. अन् तू शुद्धीवर येशील तेव्हा तिथंच असेन."

तुला वचन देते, अक्का. मी मागायचं सोडणार नाही. हावरटासारखं मागेन, पदर पसरून, रूथसाठी, भाऊजींसाठी, सगळ्यांसाठी. पण मागितल्यावर गप्प राहीन. त्याचं उत्तर यापुढे माझ्या तोंडानं कधी देणार नाही.

तुला 'तू' म्हणायला फार उशीर केलेली,
तुझी धाकटी जाऊ,
करुणा
शिरूर अनंतपाळ